थोरलीचा तिसरा नंबर

एक नंबरचं बटण दाबलं आणि सीट मला घेऊन मागे निघाली. निघाली ती थांबायचं नावच घेईना. पाय पेडलवरून सुटले, स्टिअरिंग लांब गेलं, आणि डाव्या आरशात रोज दिसणाऱ्या नळाच्या जागी गॅरेजचं छत दिसायला लागलं. सीट थांबली तेव्हा मी बापाच्या खुर्चीत चढून बसलेल्या पोरासारखा दिसत असणार. बघायला कुणी नव्हतं, एवढंच बरं.

दोन दिवसांच्या रजेवरून मी आजच कामावर आलो होतो. एकोणीस वर्षांत असे लागोपाठ दोन दिवस मी कधी घेतले नव्हते, आणि हेही मी मागितलेले नव्हते.

मला सगळे इंच म्हणतात. उंची पाच फूट एक इंच आहे म्हणून चिडवणारे आहेतच, पण खरं कारण वेगळं आहे. खांब आणि गाडी यांच्यात एक इंच जागा सोडून मी गाडी लावतो. दोन इंच सुटली तर पुन्हा काढून लावतो. साहेबच एकदा हसून म्हणाले, "अरे, इंच आहेस का कोण आहेस?" तेव्हापासून जन्माचं नाव फक्त लायसन्सवर उरलं.

साहेबांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. धंदा वाढला तशा जर्मन गाड्या येत गेल्या, सगळ्या एकाच कंपनीच्या, म्हणजे एका घरातल्या बहिणीच. कंपनीने त्यांना आकडे आणि अक्षरं दिलीत, ती शोरूमवाल्यांना लखलाभ. माझ्यासाठी पहिली आली ती धाकटी. अंगाने लहान पण पळायला तिखट, आणि सीट हाताने दांडी ओढून पुढे-मागे करायची. मग मधली आली. तिच्या दारावर सीट लक्षात ठेवणारी दोन बटणं होती. मग बाईसाहेबांसाठी उंचाडी. आणि तीन वर्षांपूर्वी थोरली आली.

थोरलीचं काय सांगावं. दार आपटायचं नाही, नुसतं टेकवायचं. उरलेलं ती स्वतःच आत ओढून घेते. वेगाचे आकडे समोरच्या काचेवर उमटतात. मागच्या सीटवर पाठ चेपून घ्यायची सोय आहे. वाट खराब असली तर बटण दाबलं की लुगडं सावरून चालणाऱ्या बाईसारखी जरा वर उचलली जाते. शोरूममधला मुलगा दोन तास हे सगळं समजावत होता आणि साहेब दोन तास फोनवर होते. मी वहीत लिहून घेतलं. गाडी साहेबांची, पण तिची ओळख माझी होती. पुढे साहेबांना काही हवं असलं की ते मलाच विचारायचे, "इंच, ते पाठ चेपायचं कुठे रे?"

थोरलीच्या दारावर तीन बटणं आहेत. पहिला नंबर ड्रायव्हरचा, दुसरा मालकाचा, तिसरा पाहुण्याचा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आम्हा ड्रायव्हर मंडळींचा हा रिवाज. दुसऱ्याच्या नंबरला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं.

आणि आज माझ्या ताटात कुणीतरी कोपरापर्यंत हात घातला होता.

मी आपलं सहज तीन दाबलं. तीन नंबर कधी कुणी वापरलाच नव्हता. सीट पुढे आली, वर उचलली गेली, स्टिअरिंग जवळ आलं, आरशात नळ परत आला. मानेपासून टाचेपर्यंत सगळं माझ्या मापाचं. म्हणजे मला पुसलं नव्हतं. उचलून पाहुण्याच्या जागी नेऊन ठेवलं होतं.

हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. आधी एक दाबून माझं माप आणायचं, मग माप साठवणारं 'एम' बटण दाबून तीन. त्यानंतर स्वतःचं माप जमवायचं आणि पुन्हा 'एम' दाबून एक. ही युक्ती मी जन्मात एकालाच शिकवली होती. लंबूला, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला. आईने माझ्या वेळी हात आखडता घेतला आणि उरलेली सगळी उंची त्याला देऊन टाकली. सहा फूट एक.

रजेचंही तोच बोलला होता. "दादा, वहिनी किती वर्षं म्हणतेय, तिच्या बहिणीकडे दोन दिवस जाऊन ये ना. साहेबांना मी विचारतो." तो शाळेची बस चालवतो. माझ्या साहेबांना तो कशाला विचारेल? तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण भावाने काळजी केली की माणूस सुखावतो, उलटतपासणी घेत बसत नाही.

साहेब जिन्यावरून खाली आले. रोजच्यासारखे मागच्या दाराकडे गेले नाहीत. माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मी उतरलो.

"चावी गाडीतच राहू दे. लंबू येतोय."

"लंबू कशाला, साहेब?"

"आजपासून तो चालवेल. दोन दिवस बघितलं मी. हात तुझाच आहे."

"माझं काही चुकलं का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट बोलायचं असलं की ते असं करतात. "चुकलं नाही रे. पण डोळ्याचं मला सांगायला हवं होतंस."

डोळ्याचं माहीत असलेली माणसं जगात तीनच होती. एक डॉक्टर, एक मी, आणि तिसरा तोच. मी बायकोलाही बोललो नव्हतो.

आठ महिन्यांपूर्वी डाव्या डोळ्याच्या कडेला धुरकट दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. नस सुकत चाललीय. औषधाने आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही. लंबू बरोबर होता. बाहेरच्या बाकावर त्याने माझा हात धरला. "कुणाला बोलणार नाही दादा. आईशप्पथ."

त्यानंतर थोरली माझा डावा डोळा झाली. डावीकडून कुणी आलं की तिच्या आरशात नारिंगी दिवा पेटायचा. गाडी पट्ट्याबाहेर चालली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. लावताना चारी बाजूंचं चित्र पडद्यावर यायचं. मी तिच्यावर विसंबून होतो आणि वरून इंच म्हणून मिरवत होतो. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मागच्या महिन्यात एक सायकलवाली बाई डावीकडून आली. मला दिसली नाही, गाडीला दिसली. गाडीने आपणहून ब्रेक मारला. साहेबांच्या हातातला फोन खाली पडला. मी म्हणालो, "कुत्रं आडवं आलं, साहेब."

त्या संध्याकाळी मी हे लंबूला सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास गेला नसता.

नऊ वाजता लंबू आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे बूट. माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघून म्हणाला, "कधी आलास, दादा?" जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

मी निघायला वळलो तर साहेबांनी हाक मारली. "इंच, तू पण चल. आज माझ्या शेजारी बस."

एकोणीस वर्षांत मी मागे कधी बसलो नव्हतो, पुसायला सोडून. बसलो. पुढे लंबूने एक दाबलं आणि सीट त्याच्या मापाला गेली. मागून मला त्याची मान दिसत होती, ताजे कापलेले केस. साहेबांनी हात लांब करून माझ्या बाजूचं बटण दाबलं आणि माझ्या पाठीत मुठी फिरायला लागल्या.

"छान वाटतं की नाही? तूच शिकवलंस हे मला."

"हो, साहेब."

कारखान्यापर्यंत त्या मुठी फिरत राहिल्या. बंद करायचं बटण मला माहीत होतं, पण साहेबांनी लावलेलं मी कसं बंद करू? लंबूने वळणं माझ्यासारखीच घेतली. सिग्नल लाल व्हायच्या आधीच पाय सैल सोडला, तोही माझ्यासारखाच. नावं ठेवायला त्याने तसूभर जागा ठेवली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. परका असता तर मी त्याच्या चुका तरी मोजल्या असत्या.

कारखान्याच्या आवारात त्याने गाडी खांबाला लागून लावली. मी काच खाली करून बघितलं. चार इंच.

उतरताना साहेब म्हणाले, "संध्याकाळी वर येऊन भेट. गाड्यांची निगा आहे, कागदपत्रं आहेत, काहीतरी बघू. तुला काढत नाहीये मी." त्यांचं दार कारखान्याच्या शिपायाने टेकवलं आणि आत आम्ही दोघंच उरलो. तो पुढे, मी मागे. बोलायचं तर मधल्या आरशातूनच बोलायचं होतं.

"कधी गेला होतास त्यांच्याकडे?"

"पंधरा दिवस झाले."

"म्हणजे पंधरा दिवस माझ्याकडे येऊन जेवत होतास."

तो स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिला.

"आधी मला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर सोडली असतीस?" आता त्याने आरशात बघितलं. "त्या सायकलवालीला काही झालं असतं म्हणजे, दादा? मी रोज पोरांची बस चालवतो. मला झोप लागत नव्हती."

"ते खरं आहे. ते सांगितलंस त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण त्याच दमात नोकरी मागितलीस, ती पण सायकलवालीसाठीच?"

खांबामागे कुणीतरी खोक्यांची गाडी ढकलत नेली.

"ते बाहेरचा कुणी आणणारच होते. म्हटलं, घरातच राहील."

"कुणाच्या घरात?"

त्याने दाराच्या बटणांवरून बोट फिरवलं. "तुझा नंबर मी पुसला नाही. तीनवर ठेवलाय. तुला कधी लागला तर."

"तो पाहुण्याचा असतो. मीच शिकवलंय तुला."

"चहा आणतो," असं म्हणून तो उतरला. इतका उंच माणूस, पण जाताना वाकून चालत होता.

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण त्याने साहेबांना सांगितलेला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि तो शब्दन्‌शब्द मीच त्याच्या ओंजळीत टाकलेला होता, भाऊ म्हणून. तो माझ्या दारात येऊन "दादा, आता बस झालं" म्हणाला असता तर मी चावी दिली असती. दिली असती का? देव जाणे. कदाचित भांडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि पाचव्या दिवशी दिली असती. ते चार दिवस माझे होते. त्याने मला त्याऐवजी मेहुणीच्या घरी पाठवून दिलं, आणि मी तिथे सगळ्यांना सांगत बसलो होतो की माझा भाऊ माझी किती काळजी घेतो.

मी मागून उतरलो आणि पुढे जाऊन बसलो. सीट त्याच्याच मापाची होती. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, आरशात नुसतं आभाळ. एकदा वाटलं, तीन दाबावं, जरा वेळ आपल्या मापात बसावं. बोट तिथवर नेलंही. मग 'एम' दाबलं आणि त्यावर तीन. टिंग असा आवाज आला. एवढासाच असतो तो. आता एक नंबर लंबूचा, दोन साहेबांचा आणि तीनही लंबूचाच. मी थोरलीत कुठेच नव्हतो. पण ते निदान माझ्या हाताने झालं होतं.

लंबू दोन्ही हातांत पेले घेऊन आला आणि उघड्या दाराशी थांबला. मला तिथे बसलेलं बघून त्याचा चेहरा पडला. भांडेन असं त्याला वाटलं असणार. मी पाय खाली सोडले आणि उतरलो. चहा घेतला नाही.

"मागच्या फाटकातून बाहेर पडताना उतार आहे," मी म्हणालो. "तिथे आधी तिला उचलून घ्यायची, नाहीतर नाक घासतं. हे तुला शिकवायचं राहिलं होतं."

"बरं, दादा."

राहिलं नव्हतं. मुद्दामच ठेवलं होतं, आपल्याकडे काहीतरी असावं म्हणून.

"आणि खांबापासून चार इंच सुटलीय. एक पुरते."

त्याने मान हलवली. पेले तसेच हातात होते, ते ठेवायचे कुठे हे त्याला कळत नव्हतं. मी दाराला हात लावला आणि सवयीने नुसतं टेकवलं. उरलेलं तिने स्वतःच आत ओढून घेतलं.