ऊन लागलं म्हणे

चारुलता गेली त्या दिवशी ती उन्हात खेळायला गेलीच नव्हती. तिची आई गोपिका ही एवढी एकच गोष्ट सगळ्यांना सांगत होती, आणि ज्यांनी ऐकायला हवी होती त्यांना ती ऐकायची नव्हती.

१९७० सालचा मे महिना. नागपुरातल्या एका कापडगिरणीच्या मागच्या अंगाला कामगारांच्या क्वार्टरच्या रांगा होत्या. तिथली बहुतेक माणसं भिवापूर-उमरेडकडची. घरची शेती एखाद्या भावावर सोपवून पोटासाठी गिरणीत लागलेली. गोपिकाचा नवरा रुपराव मागावर काम करायचा. दोघांना ही एकच मुलगी. चारुलता हे नाव रुपरावनं सीताबर्डीवरच्या एका साडीच्या दुकानाच्या पाटीवर वाचलं होतं. तेव्हा शेजारची रुखमाबाई त्याला म्हणाली होती, "एवढं लंबं नाव कोण हाका मारन गा?" झालंही तसंच. सगळे तिला चारूच म्हणत. ती मात्र प्रत्येकाला थांबवून पूर्ण नाव सांगायची.

क्वार्टरच्या मधोमध गिरणीची विहीर होती. तिचं पाणी पंपानं टाकीत चढायचं आणि तिथून नळाला यायचं. एप्रिलमध्ये मॅनेजरच्या बंगल्यात नवे संडास बांधले आणि त्यांची घाण नाल्यापर्यंत नेणारी पाइप विहिरीच्या कडेनंच टाकली. पुढच्याच आठवड्यात पाण्याला वास यायला लागला. गोपिका चार बाया घेऊन वेल्फेअर ऑफिसर ओमप्रकाश यांच्याकडे गेली. खिडक्यांना लावलेल्या खसच्या, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून त्यांची खोली गार केलेली होती.

"साहेब, नळाच्या पाण्याले संडासाचा वास येऊन राहिला," गोपिका म्हणाली.

"उन्हाळ्यात विहीर खाली जाते बाई. वास तर येणारच. ब्लीचिंग पावडर टाकवतो," ओमप्रकाश म्हणाले.

पावडर कोणी टाकलेली क्वार्टरमध्ये कोणाला दिसली नाही.

पहिला गेला रुखमाबाईचा मुलगा धोंडबा. कापसाची गाठ एकटा पाठीवर घेणारा गडी. सकाळी हगवण-ओकारी लागली आणि दिवे लागायच्या आत संपला. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कारण लिहिलं, ऊन लागलं. नागपूरचा मे म्हटल्यावर कोणाला नवल वाटलं नाही. इथं दरवर्षी उन्हानं माणसं मरतात. पण मग पाळण्यातलं पोर गेलं, खाटेवरून न उठणारी म्हातारी गेली, आठ दिवसांची बाळंतीण गेली. एका रांगेतली तिरडी परत येईपर्यंत दुसऱ्या रांगेत रडणं सुरू व्हायचं. आणि डॉक्टरांच्या लेखी प्रत्येकाला ऊनच लागलं होतं.

चारूला पहाटे सुरू झालं. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले आणि बोटांची टोकं, तासभर पाण्यात कपडे धुवावेत तशी सुरकुतली. रुपरावनं तिला उचलून गिरणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर आतून बाहेर आलेच नाहीत. कंपाउंडरनं दोन गोळ्या दिल्या आणि कांद्याचा रस पाजायला सांगितलं.

रुपराव तसाच ओमप्रकाश यांच्याकडे धावला. "साहेब, गिरणीची गाडी द्या. पोरीले मोठ्या दवाखान्यात नेतो."

ओमप्रकाश खुर्चीतून उठले. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "रुपराव, तिथं नेलं की ते दुसरंच नाव लिहितील. ते नाव लिहिलं की सरकार गिरणीला कुलूप घालेल. दोन हजार घरांच्या चुली विझतील. समजतं का तुला?"

"माही पोरगी मरून राहिली साहेब."

"मरत नाही. ऊन लागलंय. घरी ने, ओल्या फडक्यात गुंडाळ."

गाडी मिळाली नाही. रुपरावनं सायकलरिक्षा केली. गोपिका मांडीवर पोरीला घेऊन बसली, आणि अर्ध्या रस्त्यात मांडीवरचा देह जड झाला. रिक्षावाल्याला ते मागं वळून न पाहताच कळलं. त्यानं काही न विचारता रिक्षा वळवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद घरी आला. त्यावर तेच होतं. गोपिकानं तो रुपरावला दोनदा वाचायला लावला.

"थे तं उन्हात गेलीच नाही," ती म्हणाली. "तुमाले माईत हाये. मंग तुमी सही काहून केली?"

"आता काय फरक पडते वं? पोरगी तं गेली."

"गेली म्हणून खोटं लिवायचं?"

रुपराव भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला नोकरी टिकवायची होती.

कामगारांचे पुढारी चंपतराव समजावायला आले. वीस वर्षं भल्याभल्यांशी भांडलेला माणूस, पण या वेळी त्याचीही मान खाली होती. "वैनी, मी का आंधळा हाव? मलेही समजते सगळं. पण गिरणी बंद झाली तं लोकं मलेच इचारतीन. पाऊस पडू द्या. पानी बदलन, रोग आपोआप जाईन."

"आणि तवरी कितीक जातीन, भाऊ?" गोपिकानं विचारलं.

चंपतराव चहा न घेताच उठले.

पंधरवड्यानं गिरणीनं शोकसभा ठेवली. गिरणीच्या आवारात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. स्टेजवर शेठ, मॅनेजर, डॉक्टर आणि ओमप्रकाश बसले. मागच्या पांढऱ्या कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : 'यंदाच्या भीषण उन्हाळ्यात मृत्यू पावलेल्या आपल्या बांधवांना श्रद्धांजली.' ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. शेठ फार गोड बोलले. निसर्गापुढं माणसाचं काही चालत नाही, म्हणाले. गिरणी म्हणजे एक कुटुंब, म्हणाले. मग ओमप्रकाश माइकवर आले आणि सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. गोपिका बसून राहिली.

मांडवात कोणी खाकरतही नव्हतं. त्या शांततेत ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माही पोरगी उन्हात गेली नव्हती."

आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ओमप्रकाशांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तोंड काहून बंद करता साहेब? पंधरा दिस झाले, आमी शांतच हावो." ती आता उठली आणि डॉक्टरांकडे वळली. "डाक्टरसाहेब, तुमी पाह्यलं का तिले? हात लावला का? तिच्या बापानं तिले तुमच्या दारात आणली होती. तुमी पडद्याआडून पाह्यलं काय, का तिले ऊन लागलं?"

डॉक्टरांनी शेठकडे पाहिलं. शेठनं ओमप्रकाशांकडे पाहिलं. "त्या बाईंना बसवा. त्यांची मनःस्थिती ठीक नाही," शेठ म्हणाले.

तेव्हा रुखमाबाई बोलली. साठी उलटलेली, कमरेत वाकलेली बाई. "माह्या धोंडबाले कापडात गुंडाळला तं कापड राह्यलं नाही, एवढा घाण झाला होता. ऊन लागलेला मानूस असा मरते का शेठजी?" तिच्यामागून बाळंतिणीची सासू उठली. मग आणखी एक. कोणी ओरडत नव्हतं. जी ती आपल्या माणसाचं नाव घेत होती आणि ते कसं गेलं ते सांगत होती. जे बायका आपसात, दार लावून बोलत होत्या, ते आता माइकच्या आणि साहेबांच्या समोर आलं. हगवण, ओकारी, आत गेलेले डोळे, पाणी-पाणी करत वाळलेली जीभ. शेठ मधूनच उठून गेले. मॅनेजरनं माइक बंद करवला, पण बायकांना माइक लागतच नव्हता.

सभा मोडली. गोपिका घरी गेली नाही. ती गिरणीच्या मोठ्या गेटसमोर जमिनीवर बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मोठ्यानं रडायला लागली. नऊ वर्षांची मुलगी गेल्यावरही ती असं मोकळं रडली नव्हती. अंत्यदर्शनाला आलेल्या नातेवाइकांसमोर रडावं तशी ती रडत होती, नाव घेऊन, एकेक आठवण सांगून. रुखमाबाई तिच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं धोंडबाचं नाव घेतलं. पाहता पाहता गेटच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत बायका झाल्या.

भोंगा झाला. दुपारची पाळी आत जायची होती आणि सकाळची बाहेर पडायची होती. दोन्हीकडे माणसं थांबली. रडणाऱ्या बायकांना ओलांडून जायला कोणाचा पाय उचलला नाही. दरवान म्हणाला, बाजूला व्हा. कोणी झालं नाही. ओमप्रकाश आले, त्यांनी आधी विनवलं, मग पोलिसांची भीती घातली.

"बोलवा पोलीस," गोपिका पदराआडून म्हणाली. "त्यायलेही सांगतो. आमी काही संप नाही करून राहिलो साहेब. आमी आमची मानसं रडून राहिलो. घरात जागा नाही पुरली."

चंपतराव बाहेरून आले. त्यांना आत जायचं होतं. त्यांची विधवा भावजय त्या बायकांतच बसली होती. तिचा धाकटा मुलगा दुसऱ्याच आठवड्यात गेला होता आणि चंपतरावांनीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं. तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून रडू लागली. चंपतराव आत गेले नाहीत. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बायकांच्या मागं मातीत मांडी घातली. ते पाहून मागावरची माणसं बसली. रुपराव गेटच्या आतल्या बाजूला होता. तो गजांतून हे सगळं पाहत होता. शेवटी त्यानं दरवानाला बाजूला सारलं, छोटं दार उघडलं आणि बायकोजवळ येऊन बसला.

तीन दिवस गिरणीचा भोंगा वाजत राहिला आणि आत कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले आले. तिसऱ्या दिवशी सरकारी आरोग्य खात्याची जीप आली. त्यांनी आजाऱ्यांची तपासणी केली आणि नळाचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. कॉलराच निघाला. विहिरीवर फळ्या ठोकल्या, टँकर आले, सगळ्यांना लस टोचली. चंपतरावांनी पोरांना फावडी घेऊन बंगल्याची पाइप उकरायला लावलं. खणलेल्या चरात सगळ्या क्वार्टरनं पाहिलं, की विहिरीपासून चार हातांवर ती फुटलेली होती आणि खालची माती काळी, मऊ, घाणीनं भरलेली होती. रुखमाबाई काठावर उभी राहून खाली पाहत होती. "साहेबाच्या बंगल्यातलं पेलो आमी," एवढंच ती म्हणाली.

चौकशी लागली ती दिवाळीनंतर. सरकारी कचेरीतल्या एका लांब खोलीत अधिकारी बसले, समोर मॅनेजर, डॉक्टर आणि ओमप्रकाश. डॉक्टर म्हणाले, लक्षणं उष्माघाताचीच होती. ओमप्रकाश म्हणाले, पाण्याबद्दल माझ्याकडे कोणतीही तक्रार आली नव्हती.

गोपिका मागच्या बाकावरून उठली. "मी आलती. ह्या चौघी माह्यासंगं होत्या. तुमच्या खसच्या ताट्या नुकत्याच ओल्या केल्या होत्या. ब्लीचिंग टाकवतो, म्हणलं तुमी."

"लेखी काही आहे का बाई?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मले लिवता येत नाही साहेब. पण मले नाक हाये."

रुपराव उभा राहिला. "साहेब, मले वेल्फेअर साहेबांनी गाडी देली नाही. दार लावून सांगतलं, का मोठ्या दवाखान्यात दुसरं नाव लिवतीन. त्यायले थे नाव माईत होतं साहेब. आमच्या आधी माईत होतं." एवढं बोलून तो खाली बसला. गिरणीत परत घेणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि घेतलंही नाही.

अधिकारी सगळं ऐकून म्हणाले, पाणी दूषित होतं हे मान्य, पण नेमकी जबाबदारी कोणाची हे ठरवणं कठीण आहे.

"कठीण काहून साहेब?" गोपिका म्हणाली. "थे पानी का आपल्या पायानं बंगल्यातून चालत आलं? कोणी पाइप टाकली, कोणी पाहून डोळे मिटले, कोणी न पाहता कागद लिवला. तिघंही इथंच बसून हायेत. बोट दाखवू का?"

आणि तिनं खरंच बोट दाखवलं. एकेकाकडे, सावकाश. खोलीतल्या कोणीही तिला थांबवलं नाही.

पुढं मॅनेजर आणि डॉक्टरवर खटला भरला गेला. डॉक्टरचा परवाना गेला. मॅनेजर वरच्या कोर्टात सुटला आणि दुसऱ्या राज्यातल्या गिरणीत मोठ्या पगारावर लागला. ओमप्रकाश यांना काहीच झालं नाही. रुपराव भिवापूरला भावाच्या शेतावर मिरचीच्या कामाला जाऊ लागला. गोपिका मात्र नागपुरातच राहिली, प्रताप नगरच्या बाजूला दोन घरी स्वयंपाकाला. मृत्यूचं कारण बदलून मिळावं म्हणून ती कचेरीत खेटे घालायची, रुखमाबाईला हाताला धरून. एकीचाच कागद मिळत असला तर तो न घेता दोघी परत यायच्या, असा त्यांचा नेम होता.

दुसरा उन्हाळा लागल्यावर एकदा बाबूनं दोन्ही कागद खिडकीतून सरकवले. "घ्या बाई. दुरुस्त झालं. कॉलरा लिहिलंय. झालं समाधान?"

"समाधान?" गोपिकानं कागद घेतले नाहीत, नुसते हाताखाली दाबून धरले. "खोटं लिवायले तुमाले एक दिस लागला होता बाबू. खरं लिवायले वरीस गेलं. आणि बाकीच्यायचे कधी देता? बाळंतिणीची सासू उद्या येऊन राहिली माह्यासंगं. खिडकी वेळेवर उघडा."