वरचा थर

मंजुश्रीने कप फोडला आणि तुकडे ज्वारीच्या कोठीत पुरले. सहा वर्षांच्या मुलीच्या मानाने जागा चांगली निवडली होती, पण तिची आई योगिनी त्याच दुपारी दळणासाठी ज्वारी काढायला गेली. कपाचं कोणाला फार दुःख नव्हतं, लपवल्याचं होतं. बाप अविनाशने लेकीला ओट्यावर समोर बसवलं.

"पाह्य, जे खराब झालं ते वर ठेवाचं. लोकाइले दिसलं पाह्यजे. खाली दडपलं का आपल्यावरचा भरोसा जाते. समजलं?"

"हाव," मंजुश्री म्हणाली. "खराब वर."

"शाबास!" अविनाश स्वतःवरच खूश झाला. संस्कार घरातूनच व्हावे लागतात, असं त्याने योगिनीला ऐकवलं.

"बरं झालं तुमी होते," ती म्हणाली.

रविवारी सोनाळ्याजवळच्या त्यांच्या शेतात वांग्यांची तोडणी होती. व्यापारी भागवत गाडी घेऊन बांधावर माल उचलायला येणार होता. नवरा-बायकोने क्रेट नेहमीसारखे भरले: तळाला बरी वांगी, मधे किडकी आणि वाकडी, वर चकचकीत. यात लबाडी आहे असं अविनाशला कधी वाटलं नव्हतं. सगळेच असे भरतात. मग दोघं निंबाखाली भाकर खायला बसले. मंजुश्री दोन घास खाऊन क्रेटकडे खेळायला पळाली. बराच वेळ तिचा आवाज आला नाही, ते दोघांनाही बरंच वाटलं.

भागवत आला. त्याने पहिल्या क्रेटवरचं ओलं गोणपाट उचललं आणि तसाच उभा राहिला. वर किडकी वांगी ओळीने मांडलेली होती, भोकं आभाळाकडे करून. पुढचे क्रेटही तसेच.

"काऊन बे अविनाश, दरवेळी मधात लपवतं, आज वरच?"

'दरवेळी' ऐकून योगिनीने मान खाली घातली.

"वर असे, तं खाली काय भरलं असंल? मी नाई नेत हा माल."

पोरीने खेळता खेळता उलटसुलट केलं, एवढं म्हटलं की भागणार होतं. शब्द अविनाशच्या तोंडापर्यंत आलेही. पण मंजुश्री शाबासकीची वाट बघत त्याच्याकडेच पाहत होती.

"मीनं लावले," तिनेच भागवतला सांगितलं. "बाबानं शिकवलं. खराब वर."

"तू शिकवलं?"

अविनाशने मदतीसाठी योगिनीकडे पाहिलं. ती बाटलीचं झाकण लावण्यात गुंतली होती.

"हाव," तो शेवटी म्हणाला. "मीनंच शिकवलं."

भागवतने एक क्रेट ताडपत्रीवर ओतला. खालचा माल चांगला निघाला. दुसरा ओतला, तोही तसाच. तो हसायला लागला. "आजपासून पोरीलेच ठेव भराले. तू फक्त तोडत जा."

किडकी वांगी बांधावर राहिली, बाकीची काट्यावर चढली. वजन नेहमीपेक्षा बरंच कमी भरलं.

गाडी गेल्यावर अविनाशने लेकीला जवळ घेतलं. "चांगलं केलं तू. पण पुढच्या वेळी आधी मले इचारजो."

"काऊन?"

"काऊन म्हणजे..."

"सांगा न," योगिनी म्हणाली. "मी बी ऐकून राह्यली."

अविनाश उठला आणि नीट रचून ठेवलेले रिकामे क्रेट पुन्हा रचायला लागला.