आरशातला थिरथिरा

समजा, तुम्ही आत्ता द्वारका चौकामागच्या गल्लीत, इन्शाच्या अंगणात उभे आहात. डिसेंबरची सकाळ आहे, नाक गार पडलंय. समोर पेरूचं झाड. उन्हाळाभर त्यावर गाणारा दयाळ आता गप्प आहे. पण खालच्या फांदीवर चिमणीएवढा एक पाहुणा बसलाय. छाती काळी, पोट विटकरी आणि शेपूट सारखी थरथरतेय. हा थिरथिरा. दिवाळीच्या सुमारास उत्तरेच्या डोंगरांतून येतो, उन्हाळा लागला की परत जातो. तोवर अंगण त्याच्या एकट्याचं. दुसरा थिरथिरा दिसला की हाकलून देतो.

आता अंगणाच्या भिंतीकडे बघा. तिथे आरसेच आरसे टेकवून ठेवलेत. इन्शाचे अब्बा, इब्राहिम, आरशांच्या नक्षीदार चौकटी बनवतात. लग्नसराईची ऑर्डर होती आणि चौकटींचा सोनेरी रंग अजून ओला होता.

थिरथिऱ्याने आरशात पाहिलं. तिथे दुसरा थिरथिरा होता. हा झेपावला, तोही झेपावला. काचेवर चोच आपटली.

इन्शाने टाळ्या वाजवून त्याला उडवलं. तो शेजारच्या आरशावर गेला. तिने ओढणी टाकली, तर अब्बा धावत आले.

"रंगाला चिकटेल ती. काढ आधी."

"मग भिंतीकडे तोंड करून ठेवा ना, अब्बा."

"नक्षी पुसली जाईल बेटा. अन् ऊन फक्त इथेच येतं. उद्या सकाळी माल जायचाय."

"तोवर तो मरेल."

अब्बांनी थिरथिऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा ब्रश हातात घेतला.

दादी, म्हणजे जैतुनबी, दारात लसूण सोलत होती. "इब्राहिमही लहानपणी असाच आरशापुढून हलायचा नाही," ती म्हणाली. "पण तो निदान जेवायला तरी यायचा."

इन्शाला हसू आलं नाही. थंडीत किडे बाहेर पडतात ते ऊन असेपर्यंत. तेवढ्यात थिरथिऱ्याला पोट भरून घ्यावं लागतं, नाहीतर रात्रीचा गारठा सोसत नाही. हा तर सकाळपासून नुसता भांडत होता.

तिने भाताची शितं टाकली. ती साळुंक्यांनी खाल्ली. मग इन्शा एका आरशाकडे पाठ करून उभी राहिली. तो दुसऱ्या आरशावर गेला. ती तिकडे धावली, तो परत पहिल्यावर.

दुपार कलली. काचेवर लाल ठिपके दिसू लागले. थिरथिरा जमिनीवर बसला, पंख सैल सोडून. चोच उघडी होती. शेपूटसुद्धा थांबली होती. तरी डोळे आरशाकडेच.

"दादी, त्याला सांगता आलं असतं तर?"

"सांगून कोण ऐकतं गं," दादी म्हणाली. "आपल्याच घरात दुसरा दिसल्यावर?"

ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मग इन्शाला दादीचा पुदिन्याचा वाफा आठवला. दादी तिथे खुरपायला बसली, की हाच थिरथिरा तिच्या मागेमागे किडे वेचत फिरायचा. वाफा घराच्या मागे होता. तिथून एकही आरसा दिसत नव्हता.

इन्शाने कोनाड्यातली खुरपी घेतली, मागे जाऊन वाफ्यात बसली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे बघत ओली माती उकरू लागली.