रस्त्यापलीकडची बारा घरं

माझी बायको कुसुम वारली त्याला चार महिने झाले होते, तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नव्या प्रभागांचा नकाशा लागला. आमची बौद्ध वस्ती बेचाळीस घरांची. बोरीला जाणारा रस्ता तिच्या मधून जातो. अलीकडे तीस घरं, पलीकडे बारा. माझं घर त्या बारांत. नकाशातली रेघ रस्त्यावरूनच गेली होती आणि आमची बारा घरं गावठाणाच्या प्रभागात टाकली होती.

बेचाळीस घरं एकत्र असली की आमचा माणूस पंचायतीत जातो. वस्तीत नळ आला तो त्यामुळेच. घरं दोन प्रभागांत वाटली की दोन्हीकडे आम्ही कमी पडणार.

हरकत शेजारच्या मनिषाने लिहून दिली. मला म्हणाली, "मामा, उद्या साहेब पाहणीला यायलेत. तुमी दारात थांबा."

"मी काय बोलू? बोलणारी तुझी मामी होती."

"बोलू नका. नुसतं उभं रहा. तेवढं तर जमतंय न्हं तुमाला?"

साहेब आले. मागे गावठाणातले लोक होते, त्यांत रामहरी आणि त्याचा पुतण्या. पुतण्याला वस्तीच्या, म्हणजे अलीकडच्या तीस घरांच्या प्रभागातून निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्यातून आमची बारा घरं गेली की त्याचं काम सोपं होणार होतं.

साहेब म्हणाले, "मधे रस्ता आहे. ही बारा घरं गावठाणाला लागून आहेत. वस्ती एकच, हे कशावरून?"

कुणाकडे कागद नव्हता. मी दारात उभा होतो. साहेबांची नजर माझ्या चौकटीवर गेली. "हे एकतीस कशाचं?"

"माझ्या बायकोनं लिवलंय, साहेब. अंगणवाडीत मदतनीस होती. पोलिओचा डोस पाजत फिरायची आन् घरावर गेरूनं नंबर टाकायची."

साहेब रस्ता ओलांडून गेले. तिकडच्या शेवटच्या घरावर तीस होतं. परत आले आणि बत्तीस, तेहतीस बघत थेट बेचाळीसपर्यंत चालत गेले. पुढचं घर रामहरीचं. त्यावर गेरूनंच एकचा आकडा लिहिलेला होता.

"इथे त्रेचाळीस का नाही?" साहेबांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. कुसुमने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

रामहरी पुढे आला. "साहेब, ही वस्ती बेचाळीसला संपती. आमचं गावठाण माझ्या घरापासून नव्यानं सुरू व्हायचं. वहिनी दर बारीला असंच मोजायच्या. मी लय खूश व्हायचो, कुठं तरी पयला नंबर आला म्हणून."

लोक हसले. पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "काका, गप बसा की."

"गप कशाला? तुझ्या पोरीला डोस तिनंच पाजलाय."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी अंतिम नकाशा लागला. रेघ रामहरीच्या घरापाशी सरकली होती. बेचाळीस घरं एका प्रभागात.

त्या दिवशी मी रामहरीकडे गेलो. आभार कसे मानतात ते मला नीट येत नाही. ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "तुमी बोलला नसता तर आमी गेलो होतो."

"मी काय केलं? मोजलं तिनं."

ते ऐकून मला रडू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच कुणासमोर रडलो, आणि बरं वाटलं. रामहरीने घरात चहा सांगितला.

"पुतण्या बोलंना झालाय माझ्यासंगं," तो म्हणाला. "पर उभा राहणारच म्हणतोय. आता त्याला तुमच्या बेचाळीस दारांत यावं लागंल. आला तर बसा म्हणा त्याला."

"म्हणू की," मी म्हणालो.