खाडीवाल्यांची पहिली चाल

ज्याने कुणी हा गेम बनवला, त्याचं खाडीवाल्यांशी काहीतरी जुनं वैर असणार. बाकी सगळ्यांना काही ना काही दिलंय. सम्राटाला सहा शहरं, लोखंडाच्या खाणी, घोडदळ. डोंगरवाल्यांना दगडी किल्ले. उत्तरेच्या लुटारूंना निदान लाज तरी नाही. आणि खाडीवाल्यांना काय? चिखल! तीन खेडी, बदकं, एक लाकडी गढी, आणि हातात भाले घेऊन उभे असलेले मूठभर काटकुळे लोक, ज्यांना बघून शत्रूलाच दया यावी. हो, होड्या मात्र ढीगभर. त्या मासे धरायला.

शंभर टर्न, म्हणजे शंभर खेळ्या, टिकले तर खाडीवाले जिंकले, असा नियम आहे. राज्य वाढवायला नको, कुणाला हरवायला नको, नुसतं जिवंत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. तिसाव्या टर्नच्या आसपास दादाचं घोडदळ येतं आणि माझी बदकंसुद्धा घेऊन जातं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. दादा पुढे काउंटरवर बसतो, पावत्या फाडतो, गिऱ्हाइकांना हसवतो. मी मागे, बॉयलर आणि वाफेच्या प्रेसपाशी. माझी बायको माझ्याही मागे, जिन्याखालच्या कोपऱ्यात, रफू करत. माझी चाळिशी उलटली, केस पिकले, तरी दादा पुढून हाक मारतो, "बारक्या, तो निळा कोट झाला का रे?" आणि गिऱ्हाईक वाकून बघतं की हा बारक्या कोण, तर ढेरपोट्या मी.

आमच्या घरात भांडणं खेळून मिटवायची पद्धत आहे. बाबांनी पाडलेली. लहानपणी आम्ही एकमेकांची डोकी फोडायचो, तेव्हा बाबा वैतागून म्हणाले होते, फोडायचीत तर त्या पडद्यावर फोडा; जो जिंकेल त्याचं खरं, मग दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. तेव्हापासून सगळं असंच ठरत आलंय. वरच्या खोलीत कुणी झोपायचं, नवा बॉयलर कुठला घ्यायचा, सगळं. रविवारी दुकान बंद, दुपारची जेवणं झाली की दोन टेबलांवर दोघं समोरासमोर, मध्ये पडद्यांची पाठ. दादाकडे सम्राट, माझ्याकडे खाडीवाले. का? तर पहिल्या दिवशी थोरल्याने थोरलं घेतलं आणि धाकट्याला उरलेलं दिलं. गेमच्या नव्या नव्या आवृत्त्या आल्या, वाटणी काही बदलली नाही. बळी तो कान पिळी, आणि कान कायम माझे.

आता मुद्द्याचं सांगतो. रफू हे डोळ्यांचं काम आहे. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचा धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचं, असं की इथे भोक होतं हे मालकालाही सापडू नये. त्यात काळ्या कोटावर काळा धागा आला तर विचारूच नका. जिन्याखाली एकुलती एक ट्यूब, तीही वाफेने धुरकटलेली. संध्याकाळी ही डोळे मिटून बसायची आणि बोटांनी भुवया दाबत राहायची. "अहो, मला उजेड पाहिजे," एवढंच म्हणायची. तक्रार करण्यातली नाही ती, म्हणून ते जास्त टोचायचं.

आणि तशातच दवाखान्याच्या कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला. लहानसाच, पण दर्शनी भिंतभर खिडकी, दुपारपासून ऊन थेट आत. मालक ड्रॉइंगचे जुने मास्तर. ते म्हणाले, "तुम्ही घेत असाल तर थांबतो. फक्त माझा पुतण्या परत आला, तर मग त्याला द्यावा लागेल." हिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही एक प्रेस टाका, मी खिडकीत बसते. दोघांचं भागेल."

मी दादाला विचारलं. कसं विचारलं? प्रेसचं झाकण दाबता दाबता, वाफेच्या आवाजात. "दादा, ही म्हणतेय, कोपऱ्यावर एक गाळा आहे. तिकडे वेगळं काम सुरू करावं, असं हिचं म्हणणं आहे." काउंटरवर तीन-चार गिऱ्हाइकं होती. दादाने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मग हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बारक्या, आधी मला हरवून दाखव, मग जा कुठे जायचं तिकडे!"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, गाढवासारखा. पण आमच्या घरात हे वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खेळून ठरलं ते ठरलं.

झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. खाडीवाल्यांनी सुरुवात कशी करावी? जेवताना तेच, प्रेस करताना तेच. एका गिऱ्हाइकाच्या पँटला इस्त्रीच्या दोन-दोन घड्या पाडल्या. व्हिडिओ बघितले. एक पोरगा घसा फोडून सांगत होता, "मित्रांनो, खाडीवाल्यांसाठी सर्वांत चांगली सुरुवात कोणती? खाडीवाले घेऊच नका!" आणि खदाखदा हसत होता. अरे, घ्यायचं-न घ्यायचं माझ्या हातात असतं तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं मी?

पहिल्या रविवारी गढीला तटबंदी बांधली. सगळं लाकूड, सगळी माणसं तिथेच लावली. दादाने वेढा घातला आणि स्वतः चहा करायला गेला. परत येईपर्यंत माझे लोक उपाशी मेले. पुढच्या रविवारी उत्तरेच्या लुटारूंशी तह केला. आगीतून फुफाट्यात! दादा यायच्या आधी त्यांनीच मला लुटलं. मग म्हटलं, चला, मांडलिक होऊ. पहिल्याच टर्नला सम्राटापुढे मान तुकवायची, खंडणी द्यायची, तो आपल्याला मारणार नाही. मारलं नाहीच त्याने. माझे भालाईत आपल्या प्रत्येक लढाईत सगळ्यांत पुढे उभे केले. लढाया त्याच्या, नाव त्याचं, आणि मढी माझी. साठाव्या टर्नला माझ्याकडे बदकं आणि विधवा उरल्या. तरी त्यातल्या त्यात ही सुरुवात बरी म्हणायची!

"जरा डोकं लाव रे," दादा पलीकडून म्हणायचा. "इतकी वर्षं खेळतोयस." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! तळपायाची आग मस्तकात जायची.

ही जिन्यावरून विचारायची, "ठरलं का?"

"पुढच्या रविवारी," मी.

"अहो, तुमचं वय काय, आणि परवानगी कशी मागताय? तुम्ही सरळ बसून त्यांच्याशी बोलत का नाही?"

"तुला आमच्या घरची पद्धत माहीत नाही," मी खेकसायचो. लग्नाला वीस वर्षं होत आलेली बाई, तिला म्हणे पद्धत माहीत नाही! ती खाली जाऊन ट्यूब लावायची.

मग एके शनिवारी मास्तरांचा निरोप आला. पुतण्या सोमवारी येतोय. काय ते उद्यापर्यंत सांगा.

त्या रविवारी मी खेळायला बसलो तो आधीच पेटलेला होतो. ठरवलं, शेंडी तुटो की पारंबी, आज काय तो निकाल लागू दे. गेम सुरू झाला. तीच गढी, तोच चिखल, तीच बदकं. नकाशाच्या त्या टोकाला दादाची सहा शहरं. आणि मला एकदम वीट आला, असा वीट आला की सांगता सोय नाही. म्हटलं, खड्ड्यात गेली ही गढी. तुला माझी गढीच पाहिजे ना दरवेळी? घे, ठेव उशाशी! सगळी प्रजा होड्यांत भरली. बायका, मुलं, भालाईत, बदकं. जिंकायला नव्हे हो, निव्वळ चिडून. पडद्यावर पाटी आली: राजधानी सोडल्यास प्रजेची निष्ठा निम्मी होईल. नक्की सोडायची? ही पाटी मी पूर्वीही एक-दोनदा बघितली होती आणि घाबरून दरवेळी 'नाही' दाबलं होतं. ह्या खेपेला 'हो' वर बोट इतकं जोरात आपटलं की दादा म्हणाला, "माउस फुटेल रे."

होड्या समुद्रात गेल्या. निष्ठा निम्मी झाली, पण पळून जायला जमीनच नव्हती, त्यामुळे कुणी पळालं नाही. मी किनाऱ्याकिनाऱ्याने जात राहिलो. मासे धरायचे, खायचे, पुढे सरकायचं. कुठे थांबायचं नाही, काही बांधायचं नाही. तिसाव्या टर्नला दादाचं घोडदळ नेहमीसारखं खाडीत घुसलं.

"बारक्या," पलीकडून आवाज आला, "गढीत कुणीच नाही."

"नसेल."

"कुठे गेलास?"

मी होड्या पुढे सरकवल्या. आयुष्यात पहिल्यांदा दादाला माझ्याबद्दल काहीतरी माहीत नव्हतं, आणि इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू!

मग दादा मला शोधायला लागला. चिखलात घोडी रुतली. त्याने आणखी सैन्य मागवलं. सैन्याला पगार लागतो, चारा लागतो, आणि लढाईच होत नसेल तर लूट कुठून येणार? सरदार कुरकुरायला लागले. दोन शहरं फुटली. त्याने ती परत घ्यायची सोडून आणखी एक तुकडी माझ्या शोधात काढली. "आहेस तरी कुठे? सांग ना," तो म्हणत होता. त्याच्या खजिन्यात खडखडाट झाला, आणि मी मजेत बदकांची अंडी खात शंभराव्या टर्नला पोहोचलो. पडद्यावर आलं: खाडीवाले टिकले.

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. "जिंकलो! दादा, जिंकलो मी! आता जातो आम्ही."

दादाने चष्मा काढला. "कुठे?"

"कुठे म्हणजे? गाळ्यात! कोपऱ्यावरच्या. तूच म्हणालास ना, हरवून दाखव आणि जा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, ते तू मनावर घेतलंस?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुला जायचं नाहीये. चारचौघांत, प्रेस दाबता दाबता, 'ही म्हणतेय, हिचं म्हणणं आहे'. मी म्हटलं, बायकोला नाही म्हणवत नाही याला, म्हणून माझ्या गळ्यात घालतोय. बरं, मी होतो वाईट. भाऊ नको म्हणाला एवढं सांगून सुटशील, असं वाटलं मला. त्यानंतर एकदाही विषय काढला नाहीस तू. नुसता खेळत राहिलास. मला वाटलं, मजेत आहेस."

"मजेत? मी मजेत होतो?" माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "दर रविवारी मरत होतो मी!"

"मग बोलायचंस ना. मी काय तुला दोरीने बांधून ठेवणार होतो?"

त्याला मारावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. खोटं बोलत होता म्हणावं, तर तोंडावरून तसं दिसत नव्हतं. तो फक्त दमलेला दिसत होता, आणि जरा घाबरलेला. "प्रेसला मी कुणीतरी बघतो," तो हळू म्हणाला. "जायचंय ना तुला? तुला स्वतःला?"

"हो," मी म्हणालो.

"बरं, जा," दादा म्हणाला. बस्स, एवढंच.

मी तडक खाली आलो, हिला चपला घालायला लावल्या आणि गाळ्याकडे निघालो. रस्त्यात तिने विचारलं, म्हणून सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न गाळता. आमच्या घरात दुसरं काही नसलं तरी खोटं बोलायची पद्धत नाही. ती फुटपाथवर थांबली.

"म्हणजे त्यांनी कधी नाही म्हटलंच नव्हतं?"

"तसं म्हणजे... नाही."

"आणि मी इतके दिवस तिथे डोळे फोडत बसले, ते तुमच्या बदकांपायी?"

ती पुढे चालायला लागली, भराभरा, आणि मी मागून. मास्तर गाळ्याचं शटर वर करून उभेच होते. त्यांनी किल्ली दिली आणि समजूतदार माणूस, बाहेर जाऊन उभे राहिले. ऊन आत फरशीवर पार मागच्या भिंतीपर्यंत आलं होतं. इतका उजेड, की आपल्या हातावरचे केस मोजावेत.

ही खिडकीशी गेली. पिशवीतून तिने सुई काढली, काळा धागा काढला, टोक ओठात धरून ओलं केलं, आणि सुई उन्हात धरली. धागा बाजूने गेला. पुन्हा धरली, पुन्हा बाजूने गेला. सुई जरा लांब नेली, मग जवळ आणली. तिच्याइतक्या झटपट सुई ओवणारी बाई मी बघितलेली नाही. आमच्या लग्नात तिने चालत्या गाडीत माझ्या सदऱ्याचं बटण लावलं होतं.

"चष्मा लागेल, दुसरं काही नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि सुई-धागा माझ्यापुढे केला. "ओवा."

मी ओवला. पहिल्या झटक्यात गेला, आणि मला स्वतःचाच असा संताप आला, की सुई तिच्या हातात परत देताना मला तिच्या तोंडाकडे बघवेना.