आईच्या जागी पंधरा दिवस

त्या वर्षी लिंबायतमध्ये ‘काम मिळत नाही’ म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. गल्लोगल्ली नव्या लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, शेड उठत होते, विजेच्या खांबांवर ‘कारीगर जोईए छे’च्या, कामगार हवेत सांगणाऱ्या गुजराती पाट्या एकीवर एक चिकटत होत्या, आणि साड्या इतक्या विणल्या जात होत्या की घड्या घालायला बाया पुरत नव्हत्या!

हर्षदाची आई उषाबाई मगनभाईंच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, साड्यांच्या घड्याच घालायची. आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी जायचं तर खात्याचा नियम एकच होता. आपल्या जागी बदली बसवून जा, नाहीतर जागा गेली. हर्षदा दहावीची परीक्षा देऊन रिकामीच होती. “मी बसते की!” ती म्हणाली. घडी घालायला काय अक्कल लागते?

लागते. पहिल्याच दिवशी कळलं. पदर मळू नये म्हणून घरी आई तो आत दाबते, तसेच हर्षदाने भराभर चाळीसेक साड्यांचे पदर आत दाबले आणि कोणी शाबासकी देतंय का म्हणून मान वर केली. शेजारच्या धुरपदामावशीने कपाळाला हात लावला.

“काय करी ऱ्हायनी व माय! अगं, पदर बघून गिऱ्हाईक साडी घेतं. पदर वर पाहिजे!”

मावशीला नगावर पैसे मिळायचे. तरी तिने आपला ढीग बाजूला सारला, जेवणाच्या सुट्टीत हर्षदाबरोबर सगळ्या साड्यांच्या घड्या पुन्हा घातल्या आणि मगनभाईंना चकार शब्द कळू दिला नाही.

मग मात्र हर्षदाचा हात असा बसला की विचारू नका. “छोकरी, हाथ छे के मशीन!” मगनभाई म्हणायचे. आई परत आली, आपल्या जागेवर बसली, आणि जूनमध्ये हर्षदा बासष्ट टक्क्यांनी पास झाली. त्याच आठवड्यात मगनभाईंनी दुसरं खातं काढलं. त्यात हर्षदाला कायमची जागा, नगाचा भाव धुरपदामावशीइतकाच, सोमवारपर्यंत सांगा!

मावशीइतका भाव! हर्षदा उड्या मारतच निघाली. पण अर्ध्या वाटेत तिचे पाय मंदावले. मावशी तिथे अकरा वर्षं बसत होती ना?

घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. अकरावी.

आईला हे काही पटेना. संध्याकाळी तिने मावशीलाच घरी बोलावलं. “बाई, तुम्ही तरी हिला समजवा. दारात आलेली जागा लाथाडते आहे.”

हर्षदाचे वडील आनंदा लूमवर होते. ते म्हणाले, “माझ्या बाजूच्या मशीनवरचा नितीन बारावी पास आहे. तोही तुटलेला धागा जोडतो, मीही जोडतो. त्याला तुटलेलं इंग्रजीत कळतं, एवढाच फरक.”

हर्षदाला हसू आलं, पण लगेच विरलं. शिकूनही शेवटी इथंच बसावं लागलं तर, ही भीती तिलाही होती.

मावशीने बशीत चहा ओतला. “उषा, सोमवारी ही बसली नाही तर काय होईल?”

“दुसरी बसेल.”

“आणि दिवाळीनंतर हिला काम हवं झालं तर?”

“तोवर आणखी एखादं खातं निघेल म्हणा.”

“एखादं? परवा माझ्याच दारावर पाटी डकवून गेले मेले. मला वाटलं, घर चुकलं! ही जागा कुठं पळत नाही बाई. फॉर्मची शेवटची तारीख कधी गं, हर्षू?”

“शनिवार.”

“हं. शनिवार मात्र पळतो.”

“आणि शिकून परत इथंच आली तर?” वडिलांनी विचारलं.

“तर येईल! मी सरकून जागा देईन. पण आज बसली तर काय होईल ते मला ठाऊक आहे. पंधरा दिवसांच्या पोरीचा भाव आणि माझा भाव एक. मगनभाई वाईट माणूस नाही, सणाला मिठाई देतो. पण त्याच्या खात्यात वर चढायला पायरीच नाही, तर चढू कुठं?”

मग आई उठली आणि पत्र्याच्या पेटीत शाळेचा दाखला शोधायला लागली. वडील म्हणाले, “शुक्रवारी रात्रपाळी आहे माझी. शनिवारी सुटलो की सायकलवर नेतो.”

हर्षदा धावत जाऊन मावशीच्या पायाशी वाकली.

“पाय काय पडस व! ऊठ. चहा सांडशील माझा!”

शनिवारी फॉर्मची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. रात्रभर मशीनसमोर उभे राहिलेले वडील आता खांबाला टेकून उभ्याउभ्याच डुलक्या घेत होते. त्यांच्या केसांत कापसाची बारीक लव होती. ती झटकावी असं हर्षदाला वाटलं, पण झोपमोड होईल म्हणून तिने हात आवरला. आईने इस्त्री नाही म्हणून तांब्यात निखारे घालून तिचा ड्रेस दाबून दिला होता. आपल्या एका फॉर्मसाठी किती माणसं राबली, असं मनाशी म्हणत तिने फॉर्म दोन्ही हातांनी नीट धरला.

खिडकी आली. कारकुनाने मान वर न करता विचारलं, “शाखा?”

“वाणिज्य!” हर्षदा इतक्या जोरात म्हणाली की वडील दचकून जागे झाले, आणि सगळी रांग हसली.