ऊर्जानंदांचा पेला आणि सुधन्वाची फाइल

गुरुग्रामच्या एका सोसायटीत ऊर्जानंद महाराजांनी पेलाभर पाण्यात सुधन्वाचा बायपोलर बरा केला. तसं काही घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं. सुधन्वा केंद्र सरकारात नोकरीला आहे. तिथे शुद्धिपत्रकं अशीच वाचतात.

रविवारी सकाळी क्लबहाऊस तुडुंब भरलं होतं.

"बोल बेटा, मन का ट्रैफिक खुला?"

"खुला, महाराज."

खोटं नव्हतं. तीन महिने त्याला दात घासणंसुद्धा गड चढण्यासारखं वाटे. या आठवड्यात तो मेट्रोनं ऑफिसला गेला होता. टाळ्या पडल्या.

"तो गोलियां यमुना को दे दे!"

आईनं पर्समधून त्याच्या गोळ्यांची डबी काढलीसुद्धा.

"आई, ठेव ती. यमुनेला तिचे आजार पुरेत. मागे ताईत बांधून गोळ्या सोडल्या, तेव्हा काय झालं?"

आईनं डबी मुठीत घट्ट धरली. तेव्हा तो चार रात्री झोपला नव्हता, चौदा मिक्सर मागवले होते आणि शेवटी हॉस्पिटलात पोचला होता.

त्यानं पिशवीतून फाइल काढली. हॉस्पिटलात पेशंटांसाठीच्या वर्गात शिकवलं होतं : झोप, गोळी, मूड रोज लिहा. बाकीचे पेशंट वहीत लिहितात. यानं टॅग लावून, पानांना नंबर घालून रीतसर फाइल उघडली होती.

"पान चाळीस. उदासी, अकरा आठवडे. डॉक्टरांनी डोस बदलला, उठलो. पान नव्वद. बारा आठवडे, उठलो. दोन्ही वेळा महाराज गैरहजर. यंदाही डोस बदलला, आणि पाणी प्यालो अकराव्या आठवड्यात."

"मी माझ्या उदासीच्या तिसऱ्याच आठवड्यात यांच्याकडे आले होते," सहाव्या मजल्यावरच्या देविकाताई उठल्या. "तर म्हणाले, ग्रह कच्चा है, दो महीने बाद आना!"

"मलाही तेच!" मागून अंबादास ओरडला.

"म्हणूनच महाराजांच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर एकच प्रश्न आहे : किती आठवडे झाले?" सुधन्वा म्हणाला. "ओहोटी संपत आली की हे किनाऱ्यावर उभे राहतात आणि हुकूम सोडतात, भरती, ये! दिल्लीत समुद्र नाही, म्हणून खपतं."

"तुझ में संशय का ग्रह है!" महाराज कडाडले.

"असेल. त्यावर गोळी नाही."

आईनं डबी उघडली. "नऊ वाजले रे. घे."

त्यानं गोळी महाराजांच्याच पाण्याबरोबर गिळली. पाणी चांगलं होतं. आरओचं.

घरी त्यानं नोंद केली : "झोप साडेसात तास. मूड दहापैकी पाच. बरं वाटतंय म्हणजे उपचार चालू आहेत. संपलेत असं नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही गोळी बंद करू नये, पाणी कितीही मंतरलेलं असो.

प्रत : मा. सूर्य, पूर्व दिशा. अधोस्वाक्षरीकाराची झोप पूर्ण झाल्याखेरीज आपण उगवू नये, ही विनंती. योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर."